स्टॅनफर्डच्या वर्गातली क्लॅरिनेट: ब्राह्म्सनंतर काय ऐकावं, काय वाजवावं

उभी_पट्टी (धागाकर्ता)

आपल्याकडे पाश्चात्त्य क्लॅरिनेट शिकणारा माणूस मोझार्ट, वेबर, ब्राह्म्स असा पायऱ्यापायऱ्यांनी येतो आणि मग थेट फ्रेंच रचनाकार पुलांकच्या १९६२ च्या सोनाटावर उडी मारतो. ब्राह्म्सचे दोन सोनाटे १८९४ चे. मधली जवळजवळ सत्तर वर्षं ब्रिटन-आयर्लंडच्या मंडळींनी भरून ठेवली आहेत. त्यातलं जेराल्ड फिन्झीचं तेवढं थोडंफार ऐकलं जातं, बाकीचं कपाटात. हा धागा त्या कपाटासाठी.

सुरुवात कुठून झाली ते आधी. ब्राह्म्सला क्लॅरिनेटसाठी लिहायला लावणारा माइनिंगेनचा वादक रिशार्ड म्यूलफेल्ड मार्च १८९२ मध्ये लंडनला आला आणि व्हायोलिनवादक योआखिमबरोबर ब्राह्म्सचं क्विंटेट (क्लॅरिनेट आणि चार तंतुवाद्यांची चौकडी), ओपस ११५, वाजवून गेला. त्याचा परिणाम रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये सगळ्यात जास्त दिसतो, कारण तिथे रचना शिकवायला डब्लिनचा चार्ल्स व्हिलियर्स स्टॅनफर्ड होता आणि तो पक्का ब्राह्म्सभक्त. कोलरिज-टेलर, हर्लस्टन, डनहिल, जॉन आयर्लंड, व्हॉन विल्यम्स, हॉवेल्स, ब्लिस, रिबेका क्लार्क हे सगळे त्याच्या हाताखालून गेले. यातल्या प्रत्येकाने कधी ना कधी क्लॅरिनेटसाठी लिहिलंय, हा योगायोग वाटत नाही.

वाजवणाऱ्याने कुठून सुरू करावं? माझा क्रम असा:

स्टॅनफर्डच्या तीन इंटरमेझी, ओपस १३ (१८७९). म्यूलफेल्ड लंडनला येण्याच्या कितीतरी आधीच्या, म्हणून त्यात ब्राह्म्सपेक्षा शुमान जास्त आहे. छोट्या आहेत, बोटांना झेपतात. मग विल्यम हर्लस्टनच्या 'फोर कॅरॅक्टरिस्टिक पीसेस': बॅलड, क्रून साँग, इंटरमेझो, स्केर्ट्सो. हर्लस्टन १९०६ मध्ये तिशीतच दम्याने गेला, त्या छापून आल्या १९०९ मध्ये. त्यानंतर स्टॅनफर्डचा सोनाटा, ओपस १२९ (१९११). सोनाटा आधी उचलू नका. पहिला भाग वाचायला सोपा वाटतो म्हणून लोक उचलतात आणि दुसऱ्या भागात अडकतात.

स्टॅनफर्डचा कंचेर्टोही आहे, ए मायनर, ओपस ८० (१९०२), तीन भाग न थांबता एकात एक गुंफलेले. लिहिला म्यूलफेल्डसाठी, पण म्यूलफेल्डने तो वाजवलाच नाही. १९०३ मध्ये बोर्नमथला चार्ल्स ड्रेपरने वाजवला आणि मग छापील प्रत निघायला १९७० चं दशक उजाडलं.

जाणकारांनी भर घालावी.

तारसप्तक

छान धागा. सोनाट्याच्या दुसऱ्या भागाबद्दल लिहितो, कारण अडायला होतं ते तिथेच.

त्याचं नाव 'कीन्या', सूचना 'अडाजिओ, क्वासी फँटासिया'. एक ठेवलेला लांब सूर, त्याच्या शेपटीला भरभर जाणारी बारीक तान, पुन्हा लांब सूर. कागदावर त्या ताना बत्तिसाव्या आणि त्याहून बारीक सुरांत लिहिलेल्या असल्यामुळे विद्यार्थी घाबरून त्याच आधी घोकतात. त्यामुळे लांब सूर आखूड होतो, तान उड्या मारत येते आणि पियानोवाला आधीच पुढच्या कॉर्डवर पोचलेला असतो.

उलट करा. मेट्रोनोम आठव्या सुराच्या (एट्थ नोट) ठोक्यावर लावा, चौथ्याच्या नको. पहिले काही दिवस ताना गाळून फक्त लांब सूर पूर्ण मोजून वाजवा, पियानोबरोबर. सांगाडा उभा राहिला की ताना आत घाला, आणि तानेची सुरुवात थोडी रेंगाळत, शेवट पुढे झुकता. 'क्वासी फँटासिया' म्हणजे ताल सोडून देणं नव्हे. मोकळेपणा तानेच्या आत असतो, ठोका जागच्या जागी.

दुसरी अडचण बोटांची. ताना वरून खाली येताना ब्रेक ओलांडतात, म्हणजे वरच्या बी-सी वरून थ्रोटच्या (नळीच्या वरच्या टोकाशी निघणाऱ्या, पातळ आवाजाच्या) बी-फ्लॅट, ए, जी मध्ये येतात. तिथे उजवा हात उचलू नका. उजव्या हाताची बोटं छिद्रांवर बसलेलीच ठेवा. थ्रोटच्या सुरांची पट्टी फारशी हलत नाही, उलट पातळ आवाजाला थोडा भराव येतो आणि परत वर जाताना सहा बोटं एकदम टाकायची वेळ येत नाही. बी-फ्लॅट जिथे ठेवायचा आहे तिथे रजिस्टर चावीचा फाटका बी-फ्लॅट वापरू नका. ए चावीबरोबर उजव्या हाताच्या बाजूच्या चार चाव्यांपैकी खालून तिसरी दाबा, सूर भरीव येतो. वेगात मात्र ही जुळणी जमत नाही, तिथे नेहमीचीच.

डब्लिनवाला_मामा

'कीन्या' म्हणजे मृताजवळ बायका गातात तो शोकविलाप. स्टॅनफर्डने नाव नुसतं सजावटीला लावलेलं नाही. जॉर्ज पेट्री या संग्राहकाने जमवलेल्या आयरिश चालींचा प्रचंड संग्रह त्याने १९०२ ते १९०५ मध्ये संपादित करून छापला होता, तेव्हा सोनाटा लिहिताना हे सामान हाताशी होतं. तरीही इथल्या लोकसंगीतवाल्यांना स्टॅनफर्ड फारसा आपला वाटत नाही. अठराव्या वर्षी केंब्रिजला गेला तो तिकडचाच झाला, आणि आयरिश चाल घेऊनही त्याखालची हार्मनी जर्मनच राहते. मला स्वतःला 'कीन्या' हा त्याचा एकमेव भाग वाटतो जिथे जर्मन शिस्त मागे हटते.

आयरिश बाजूला आणखी कोण? हॅमिल्टन हार्टीचं नाव लोक हमखास घेतात, पण त्याचे तीन तुकडे आहेत ते ओबोसाठी. क्लॅरिनेटला खरा उपयोगी माणूस म्हणजे बेलफास्टचा हॉवर्ड फर्ग्युसन (१९०८-१९९९). त्याचे 'फोर शॉर्ट पीसेस', ओपस ६, १९३० च्या दशकातले: प्रिल्यूड, स्केर्ट्सो, पास्टोरल, बर्लेस्क. चारही मिळून सात-आठ मिनिटांत आटपतात. एकही सूर जास्तीचा नाही. मैफलीच्या मध्ये ठेवायला याच्यासारखं काही नाही.

सनईचा_पुतण्या

'कीन्या' आत्ता ऐकलं. लांब सुरावरून खाली येताना हात शिवशिवतो, तिथे मींड घ्यावीशी वाटते. आपल्याकडे क्लॅरिनेटवर छिद्र अर्धं उघडत बोट सरकवून मींड काढतातच. विलापच आहे तर चालू नये का?

तारसप्तक

@सनईचा_पुतण्या, बोटाने निघेल, पण खालचा पियानो पक्क्या सुरांवर बसलाय. मधल्या सुरांवरून घसरत आलात की पियानोचा कॉर्ड बेसूर ऐकू येतो, तुमची मींड नव्हे. आणि बारीक तान लिहून त्याने घसरण आधीच सुरासुरांत मोजून दिलेली आहे. तिच्यावर मींड घातली तर एकच गोष्ट दोनदा होते.

थरथरीबद्दलही तेच. ब्रिटनमध्ये रेजिनल्ड केलने व्हायब्रेटो आणला, ड्रेपर आणि फ्रेडरिक थर्स्टनची परंपरा सरळ सुराची. हे संगीत त्या सरळ सुरावर बेतलेलं आहे. करायचंच तर फुंकेच्या वजनाने करा: सूर पातळ सुरू करून मध्यावर भरायचा, मग सोडायचा. यासाठी माउथपीस फार उघडा नको. वँडोरेनचा ५आरव्ही लायर (टोकाची फट १.०९५ मिमी) बी४५ (१.१९५ मिमी) पेक्षा इथे सोयीचा, कारण अगदी हळू आवाजात सूर न अडखळता सुरू होतो. बी४५ वर तेच करायचं तर रीड अर्ध्या नंबराने हलकी घ्यावी लागते आणि मग वरचे सूर उतरतात.

रीडफाटकी

माझा प्रश्न रोकडा आहे. इथे शिकणाऱ्या बहुतेकांकडे फक्त बी-फ्लॅट क्लॅरिनेट असते, अर्ध्या स्वराने खालची ए क्लॅरिनेट जोडीला घेणं परवडत नाही. यातलं काय वाजवता येईल?

उभी_पट्टी

स्टॅनफर्डचा सोनाटा बी-फ्लॅटचा. जॉन आयर्लंडचा फँटसी-सोनाटा, फिन्झीच्या बॅगाटेल आणि त्याचा कंचेर्टो हेही. तेवढ्यावर दोन-तीन वर्षं सहज जातील.

अडतं ते कोलरिज-टेलरच्या क्विंटेटवर (ओपस १०, १८९५), आणि दुर्दैवाने या सगळ्या ढिगातली सर्वांत मोठी कलाकृती माझ्या मते तीच. ब्राह्म्सच्या क्विंटेटनंतर त्याची सावली न पडता कोणी असं लिहून दाखवावं, असं स्टॅनफर्ड वर्गात म्हणाला आणि एकोणीस वर्षांच्या कोलरिज-टेलरने हे लिहून आणलं, अशी हकीकत सांगतात. आख्यायिका असो नसो, ऐकल्यावर पटते. सावली असलीच तर ड्वोर्झाकची आहे. क्लॅरिनेट पुढे उभी राहून गात नाही. ती पाचांतली एक आहे, बराच वेळ व्हायोलाच्या पोटात शिरून बसते.

पट्टी एफ-शार्प मायनर. ए क्लॅरिनेटवर ती लिहिली जाते ए मायनरमध्ये, म्हणजे शार्प-फ्लॅट काही नाही. तेच बी-फ्लॅटवर वाजवायचं तर जी-शार्प मायनर, पाच शार्प, आणि मध्ये पट्टी बदलली की दुहेरी शार्प वेगळेच. शिवाय ए क्लॅरिनेटचा सगळ्यात खालचा लिखित ई ऐकू येतो सी-शार्प, बी-फ्लॅट क्लॅरिनेट डी च्या खाली जातच नाही. असा सूर आला की एक तर तो वरच्या सप्तकात घ्या किंवा चेलोवाल्याकडे द्या. मंद 'लार्गेटो' भाग बी-फ्लॅटवर शिकायला हरकत नाही. शेवटचा भाग नको, बोटांचा हिशेब बसत नाही. मैफलीसाठी एखाद्या दिवसापुरती ए क्लॅरिनेट उसनी मिळते का बघा, पण माउथपीस तुमचाच लावा आणि बदलाबदली आठवडाभर आधी सुरू करा. ए चं नळकांडं लांब, फुंकेला विरोध थोडा जास्त.

चौघडा

क्विंटेटचा स्केर्ट्सो चौकडीबरोबर बसवणाऱ्यांसाठी एक सूचना. तिथे तिनाची लय दोन थरांत चालते, एक वाद्य मोठ्या तिनात, दुसरं बारीक तिनात. तालमीत सगळ्यांनी एकदम वाजवू नका. आधी चेलो आणि क्लॅरिनेट, मग मधले दोघे, मग पहिलं व्हायोलिन. ठोका कोणाकडे आहे हे पानापानाला ठरवून पेन्सिलने लिहून ठेवा, नाहीतर प्रत्येक जण दुसऱ्याची वाट बघतो आणि भाग जड होतो.

याच्याच शेजारी जॉन आयर्लंडचं सेक्स्टेट ठेवा, १८९८ चं, क्लॅरिनेट, हॉर्न आणि चौकडी. विद्यार्थिदशेतलं, छापून यायला साठेक वर्षं लागली. त्याच वर्षी व्हॉन विल्यम्स आणि डनहिल या दोघांनीही क्लॅरिनेट, हॉर्न, व्हायोलिन, चेलो आणि पियानो अशी तंतोतंत एकच जुळणी घेऊन क्विंटेट लिहिली. व्हॉन विल्यम्सचं २००२ मध्ये छापलं गेलं. डनहिलचं जास्त गोड आहे, आणि हॉर्नवाला सापडला तर दोन्ही एकाच संध्याकाळी होऊ शकतात.

पर्वरीकर

पियानोच्या पट्टीचं काय करायचं तेही इथे लिहा कोणीतरी. हे सगळं पियानोबरोबरचं संगीत आणि आपल्या किनाऱ्यावरच्या हॉलमधले पियानो पावसाळ्यात चढतात, कोरड्या हवेत उतरतात. पियानोचा ए ४४० ऐवजी ४३५ हर्ट्झवर असला तर क्लॅरिनेटचं बॅरल (माउथपीसखालचा आखूड तुकडा) तीन-चार मिमी बाहेर ओढून मुलं वाजवतात आणि मग थ्रोटचे सूर रडतात.

काळं_लाकूड

रडणारच. सूर जितका वरच्या छिद्रातून निघतो तितकी नळी आखूड, आणि आखूड नळीला १ मिमी जास्त जाणवतो. मोकळ्या जी साठी नळीची परिणामी लांबी २५ सेंमीच्या आसपास, सगळ्यात खालच्या ई साठी ५८ सेंमी. म्हणजे बॅरल १ मिमी ओढलं की जी अंदाजे ७ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) उतरतो आणि ई जेमतेम ३. पियानो ४३५ वर म्हणजे तुम्हाला २० सेंट उतरायचंय. सगळं बॅरलमधून काढलं तर जी उतरला २१, ई उतरला ९. वाद्य स्वतःशीच बेसूर.

ओढ वाटून घ्या. दीड मिमी बॅरलला, एक मिमी मधल्या सांध्याला, थोडी बेलला. मधल्या सांध्याची ओढ वरच्या हाताच्या सुरांना लागत नाही, खालच्यांना लागते, तेच हवंय. मधला सांधा ओढताना दोन्ही भागांना जोडणारी पुलाची चावी नीट बसते आहे ना हे तपासा, नाहीतर दोन्ही हातांच्या पहिल्या बोटांनी निघणारा एक-एक बी-फ्लॅट जाईल. बॅरल ओढल्यावर आत जी खाच पडते तीत ट्युनिंग रिंग घाला. जमलं तर ६५ ऐवजी ६७ मिमीचं बॅरल वेगळं ठेवा. पण २० सेंटच्या पलीकडे यातलं काही पुरत नाही, तिथे पियानो लावून घेण्याला पर्याय नाही. आणि ट्यूनरला कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी बोलवा, महिनाभर आधी नको.

याच हिशेबाने आणखी एक सांगून ठेवतो. जुन्या बाजारात, बँडच्या सामानात, ब्रिटिश बनावटीच्या जुन्या क्लॅरिनेट निघतात. ब्रिटिश संगीत ब्रिटिश वाद्यावर वाजवू अशा हौसेने घेण्याआधी शिक्का बघा. 'एचपी' असेल तर हाय पिच, ए म्हणजे साधारण ४५२. आजच्या ४४० पेक्षा जवळजवळ ४७ सेंट वर, अर्धी श्रुती नव्हे, चांगला पाव स्वर. हे ओढून खाली येत नाही, कारण वर सांगितलंच. भिंतीवर टांगायला घ्या. 'एलपी' म्हणजे लो पिच असेल तर विचार करा.

तारसप्तक

बूझी अँड हॉक्स या ब्रिटिश कंपनीच्या १०१० क्लॅरिनेटबद्दल लिहाच आता, विषय निघालाच आहे तर.

काळं_लाकूड

१०१० म्हणजे विसाव्या शतकातल्या इंग्लिश आवाजाची ओळख. नळीचा आतला व्यास सुमारे १५.२ मिमी, नेहमीच्या फ्रेंच वाद्यांचा १४.६ ते १४.७. अर्ध्या मिमीने आवाज रुंद, थ्रोटचे सूर मोकळे. पण तिचा माउथपीसही वेगळा असतो, आतून सरळ आणि रुंद. सेकंडहँड १०१० घेऊन तिला साधा फ्रेंच माउथपीस लावला की खालचं आणि वरचं सप्तक एकमेकांशी जुळत नाही. विकणारा म्हणतो वाद्य बेसूर आहे म्हणून स्वस्त, प्रत्यक्षात मूळ माउथपीस हरवलेला असतो. मूळ माउथपीससकट मिळत असेल तरच हात घाला. हे संगीत साध्या फ्रेंच वाद्यावर उत्तम वाजतं, त्यासाठी १०१० लागत नाही.

इंद्रायणीकाठची

सगळे १९११ पर्यंतच रमलात. १९४० च्या दशकाचं काय? रोमँटिक वळण तेव्हाही चालूच होतं, फॅशन गेलेली असली तरी.

पॉलीन जुलर या वादक बाईंचं नाव या काळात सारखं येतं. फिन्झीच्या बॅगाटेल त्यांनी फर्ग्युसनबरोबर जानेवारी १९४३ मध्ये लंडनच्या नॅशनल गॅलरीत, युद्धाच्या दिवसांतल्या मैफलीत, प्रथम वाजवल्या. यॉर्क बोवेनचा एफ मायनर सोनाटा (ओपस १०९, १९४३) त्यांच्यासाठीच. फिन्झीचा कंचेर्टो अर्पण त्यांना, पण लग्नानंतर त्यांनी मंच सोडला आणि १९४९ मध्ये हेरफर्डला तो पहिल्यांदा वाजवला थर्स्टनने. बोवेन स्वतः जबरदस्त पियानिस्ट, त्यामुळे सोनाट्यात पियानो भरगच्च. क्लॅरिनेटचं काम त्यामानाने सरळ, पण खालच्या सप्तकात असताना दबून जाते. पियानोचं झाकण आखूड दांडीवर ठेवा आणि पियानिस्टला पेडल अर्धंच घ्यायला सांगा. जॉन आयर्लंडच्या फँटसी-सोनाट्यातही (१९४३, थर्स्टनसाठी) हीच अडचण. तिथे तर पियानोवाला दुय्यम दर्जाचा असेल तर हात लावू नका.

परीक्षावाल्यांसाठी: डनहिलची 'फँटसी स्वीट', ओपस ९१ (१९४१). सहा छोटे भाग, मधल्या ग्रेडच्या विद्यार्थ्याला पेलणारे. परीक्षेपुरतं एखादं शिकून सोडून देतात, सहाही एकत्र ऐकलीत तर कळतं की माणूस स्टॅनफर्डचा धडा चाळीस वर्षांनीही विसरलेला नाही.

आणि रचनाकार बायकांचं नाव धाग्यात एकदाच आलं म्हणून: अ‍ॅलिस मेरी स्मिथचा ए मेजर सोनाटा १८७० चा, म्हणजे स्टॅनफर्डच्या इंटरमेझींच्याही आधीचा. हेन्री लॅझरसने वाजवला, पियानोवर ती स्वतः. मधला संथ भाग तिने पुढे ऑर्केस्ट्रासाठी बांधला. सोनाट्यात मेंडेल्सझोन जास्त आहे, उशिराचं रोमँटिक म्हणता येणार नाही, पण त्या संथ भागासाठी तरी ऐका. रिबेका क्लार्कचं 'प्रिल्यूड, अलेग्रो अँड पास्टोरल' (१९४१) क्लॅरिनेट आणि व्हायोला या दोघांसाठीच. पियानोच्या पट्टीची कटकटच नाही, पर्वरीकरांनी नोंद घ्यावी.

डब्लिनवाला_मामा

बोवेनचं नाव निघालं म्हणून, त्याचं फँटसी क्विंटेट, ओपस ९३ (१९३२), बास क्लॅरिनेट आणि चौकडीसाठी आहे. बास क्लॅरिनेटला असं एकटीला पुढे बसवलेलं त्या काळात दुर्मीळ. चौकडीच्या चेलोला मात्र थोडं नमतं घ्यावं लागतं, दोघं एकाच जागेत वावरतात.

रीडफाटकी

सुटे पार्ट आणि स्वरलिपी कुठे मिळतील? कॉपी काढणं कायद्यात बसतं का?

उभी_पट्टी

भारतात रचनाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो, मृत्यूच्या पुढच्या जानेवारीपासून मोजून. हर्लस्टन (१९०६), कोलरिज-टेलर (१९१२), स्टॅनफर्ड (१९२४), डनहिल (१९४६), बॅक्स (१९५३) मोकळे. फिन्झी १९५६ मध्ये गेला, म्हणजे इथे २०१७ पासून मोकळा, पण ब्रिटनमध्ये सत्तर वर्षं असल्यामुळे तिथे २०२६ संपेपर्यंत हक्क आहे. हॉवेल्स १९८३, त्याला अजून हात लावू नका. मरणोत्तर छापलेल्या रचना आणि अलीकडच्या संपादित आवृत्त्या यांचा हिशेब वेगळा, तिथे प्रकाशकाकडूनच घ्या.

स्टॅनफर्डचा सोनाटा आणि कोलरिज-टेलरचं क्विंटेट जुन्या छापील प्रतींवरून आयएमएसएलपी या स्वरलिपींच्या ऑनलाइन संग्रहात बघा. हर्लस्टन इमर्सन एडिशनकडे मिळतो. डाउनलोड केलेल्या जुन्या प्रतीत तालमीची अक्षरं पार्ट आणि स्कोअरमध्ये एकच आहेत का हे आधी पडताळा, नसतील तर बारचे आकडे हाताने घाला. चौकडीच्या तालमीत पहिला अर्धा तास त्यातच जातो.

ऐकायला: कंचेर्ट्यासाठी थिया किंग यांची हायपीरियनवरची तबकडी, तीवर स्टॅनफर्ड आणि फिन्झी दोन्ही आहेत. कोलरिज-टेलरसाठी नॅश आन्सांब्ल. सोनाट्यांसाठी शँडॉसवर मायकल कॉलिन्स आणि मायकल मकहेल. आणि जुना सरळ सूर कसा लागायचा ते ऐकायचं तर चार्ल्स ड्रेपरने लेनेर चौकडीबरोबर १९२८ मध्ये मुद्रित केलेलं ब्राह्म्स क्विंटेट शोधा. खरखर आहे, पण स्टॅनफर्डचा कंचेर्टो पहिल्यांदा वाजवला तो हाच माणूस.

सनईचा_पुतण्या

ड्रेपर ऐकला. मींडेचा आग्रह मागे.